कलाबाईंनी गोळी सोडली नाही

डॉक्टरबाईंनी मॉर्फिनचं नाव घेतलं आणि कलाबाईंचा मुलगा प्रशांत लगेच उठून उभा राहिला. ती अफूची गोळी आहे, असल्या गोळ्यांनी माणसं वाया गेलेली आपण मिलमध्ये रोज बघतो, मायला आम्ही नशेला लावणार नाही, असं तो एका दमात बोलून गेला.

कलाबाई समोरच्या खुर्चीत एका कुशीवर कलून बसल्या होत्या. छातीचा कॅन्सर काही वर्षांपूर्वी काढला होता. आता तो पाठीच्या मणक्यात आणि मांडीच्या हाडात उतरला होता. बरं होणं नाही, हे त्यांनी डॉक्टरबाईंना सरळ विचारून घेतलं होतं आणि ऐकूनही घेतलं होतं. पण कित्येक रात्री त्यांना आडवं होता आलं नव्हतं, आणि ते मात्र त्यांना मान्य नव्हतं.

"दुखायलंय मला," त्या म्हणाल्या. "मग गोळी घ्यायची का नाही, हे तू काहून ठरवायलास?"

परभणीकडच्या जिंतूरहून लग्न होऊन त्या कापडगिरण्यांच्या पांडेसऱ्यात आल्या, त्याला आता जमाना झाला होता. नवरा कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये होता, तो लवकर गेला. साड्यांना लेस आणि टिकल्या चिकटवून कलाबाईंनी प्रशांतला वाढवलं. घरमालकाने पाणी तोडलं तेव्हा चाळीतल्या बायकांना घेऊन त्या त्याच्या दारात जाऊन बसल्या होत्या. कोणी सांगितलं म्हणून गप्प बसायची सवय त्यांना कधी लागलीच नाही.

डॉक्टरबाईंनी प्रशांतला बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. गोळी सांगितलेल्या वेळीच घ्यायची, दुखणं डोक्यावर चढेपर्यंत थांबायचं नाही. कमी-जास्त आपल्या मनाने करायचं नाही, एकदम बंदही करायची नाही. शौचाला घट्ट होतं, म्हणून त्याचं औषध सोबत घ्यायचं. सुरुवातीला मळमळेल, पेंग येईल, ती बहुधा ओसरते. दारू किंवा झोपेची गोळी सोबत चालणार नाही. गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि दुसऱ्या कोणाला, कितीही दुखत असलं तरी, एकही द्यायची नाही. मग त्या सुनेकडे, प्रियांकाकडे वळल्या. हलवूनही जाग आली नाही, श्वास फार संथ झाला, ओठ निळसर दिसले, तर वाट बघत बसू नका, असं त्यांनी तिला बजावलं. प्रियांकाने ते दोनदा विचारून घेतलं.

गोळी सुरू झाली आणि आठवडाभरात कलाबाई पाठ टेकून झोपल्या. पुढे उशी लावून बसायला लागल्या, आणि एक दिवस त्यांनी साड्यांचा गठ्ठा मागवला. प्रशांतचे काका गणपत जवळच्याच भेस्तानहून भेटायला आले, तर वहिनी मांडीवर साडी घेऊन लेस लावतायत. त्यांना ते बरं वाटलं नाही. नशेत माणसाला दुखणं कळत नाही म्हणूनच हे चाललंय, असं ते प्रशांतला बाहेर घेऊन म्हणाले. कलाबाईंनी ते आतून ऐकलं आणि तिथूनच सांगितलं की भावजी, नशेतल्या माणसाची लेस वाकडी लागते, येऊन बघा.

एका बाबतीत मात्र त्यांनी डॉक्टरबाईंचं ऐकलं नव्हतं. एका खोलीच्या घरात कुलूप कोणासाठी लावायचं, म्हणून गोळ्यांचा डबा स्वयंपाकाच्या फळीवरच राहिला.

त्या रविवारी दुपारी प्रियांका दळण आणायला गेली होती. प्रशांत सकाळपासून बेचैन होता. जांभया देत होता, घाम पुसत होता, पाय दुखतात म्हणत होता. नंतर बाहेर जाऊन आला तेव्हा त्याच्या तोंडाला दारूचा वास होता. तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि घोरायला लागला. कलाबाई लेस लावत होत्या. थोड्या वेळाने त्या घोरण्याचा आवाज बदलला. घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा घरघर.

त्यांनी हाका मारल्या. तो हलला नाही. पलंगावरून एकटीने उतरायची त्यांना मनाई होती. त्या उतरल्या, फरशीवरून सरकत त्याच्यापर्यंत गेल्या आणि त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. ओठ निळे पडले होते. स्वतःसाठी ऐकून ठेवलेली खूण त्यांना पोराच्या तोंडावर दिसली. त्यांनी फळीकडे पाहिलं. डबा उघडा होता.

त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, शेजाऱ्यांना हाक मारली, १०८ला फोन करायला लावला. गाडी येईपर्यंत त्या त्याच्या गालावर थापट्या मारत राहिल्या, श्वास थांबला की नाव घेऊन त्याला हलवत राहिल्या.

गणपतकाका थेट दवाखान्यात पोचले. कलाबाईंना व्हीलचेअरवर आणलं होतं. काकांनी वाकून हळूच सांगितलं की खाण्यातून विषबाधा झाली म्हणा, नाहीतर पोलिसांचं लफडं होईल, मिलमधलं कामही जाईल. समोर तरुण डॉक्टर विचारत होता, यांनी काय घेतलंय?

"माझ्या कॅन्सरच्या गोळ्या घेतल्या, मॉर्फिनच्या," कलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "वरून दारू प्यायलाय. लपवायचं काही नाही. त्याला वाचवा."

डॉक्टरने गोळीचा असर उतरवणारं इंजेक्शन मागवलं. ते दिल्यावर काही वेळात प्रशांतने डोळे उघडले. पण या इंजेक्शनचा असर आधी उतरतो आणि गोळीचा पुन्हा वर येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी त्याला देखरेखीत ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं सांगितलं. कापडाचे तागे उचलताना कंबर धरली होती, तेव्हा डॉक्टरने ट्रॅमाडॉल, अफूच्याच जातीची दुखण्यावरची गोळी, लिहून दिली होती, थोड्याच दिवसांसाठी. कंबर बरी झाली, पण गोळी घेतली की बारा तासांची पाळी जाणवत नाही, हे त्याला कळून चुकलं. मग चिठ्ठीशिवाय एका दुकानातून मिळायला लागली. मिलमधला मुकादम मगनही चहाबरोबर द्यायचा. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या किती ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. त्या आठवड्यात दुकानवाल्याने हात वर केले होते, आणि न घेता अंग मोडून यायला लागलं होतं. मायच्या गोळीला तो का घाबरत होता, ते प्रियांकाला तेव्हा समजलं.

घरी आल्यावर काकांनी डबाच उचलला. ही अवदसा घरात नको, आत्ता गटारात टाकतो, म्हणाले.

"डबा खाली ठेवा, भावजी." कलाबाईंचा आवाज चढला नव्हता. "गोळी माझी आहे. पोराने चोरून खाल्ली म्हणून मी तडफडून मरू का? चूक माझी एवढीच, की कुलूप लावलं नाही. ते आज लावते."

 काकांनी डबा ठेवला आणि खाली जाऊन कुलूप घेऊन आले. किल्ली प्रियांकाच्या गळ्यात गेली.

कलाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. रिक्षा करून त्या मिलच्या फाटकावर गेल्या आणि पाळी सुटताना मगनला सगळ्यांसमोर विचारलं की तू डॉक्टर कधी झालास. तो म्हणाला, मी कोणावर जबरदस्ती करत नाही, पोरं स्वतःच मागतात. त्या म्हणाल्या, मागणाऱ्याला उद्या श्वास येईनासा झाला तर तू देशील का? तो हसला, पण आजूबाजूचे हसले नाहीत. मगनचा धंदा त्यामुळे बंद पडला, असं काही झालं नाही. त्या गर्दीतले दोघे कामगार मात्र गोळी कशी सुटेल ते विचारायला संध्याकाळी प्रशांतकडे घरी आले.

प्रशांत व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडे जायला लागला. पहिले दिवस फार वाईट गेले. एकदा तो पुन्हा घसरला, आणि त्याने ते स्वतः येऊन सांगितलं. कलाबाई रागावल्या, प्रियांकाला त्याचं ताट वाढायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत पुन्हा दवाखान्यात गेल्या. तागे उचलायचं काम सोडून त्याने एका दुकानात साड्यांच्या पॅकिंगचं काम धरलं. पगार कमी, पाळी आठ तासांची.

होळीनंतर कलाबाई गेल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या, माणसांना ओळखत होत्या, आदल्या दिवशी प्रियांकाला भाजीत मीठ जास्त झालं म्हणून बोलल्याही होत्या.

दहाव्याला आलेल्या एका नातेवाईक बाईने गुडघे फार धरलेत म्हणून उरलेल्या गोळ्या मागितल्या. तशाही वाया जातील, ती म्हणाली. प्रियांकाने नाही म्हटलं. ती बाई रुसली, तरी नाहीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती गोळ्या परत करायला डॉक्टरबाईंकडे निघाली. प्रशांतही चपला घालून निघाला. रिक्षात बसताना प्रियांकाने पदर सावरायला म्हणून डबा त्याच्यापुढे धरला.

"तूच धर," तो म्हणाला, आणि पलीकडच्या बाजूने चढून तिच्याशेजारी बसला.