मान हलवणारा माणूस

न्यायालयाने मानसिक तपासणीसाठी पाठवलेला सोमा, मेळघाटातला कोरकू आदिवासी, डॉ. सुजातासमोर अंग चोरून बसला होता. तिचा वरिष्ठ म्हणून मी शेजारी होतो. त्याला आरोप समजतो का, एवढंच ठरवायचं होतं; समजतो म्हटलं की खटला सुरू.

"आरोप कळला ना, दादा?"

मान हलली.

"कडब्याची गंजी तुम्हीच पेटवलीत?"

मान हलली.

"आणि काडी मी दिली, हो ना?"

पुन्हा तशीच होकारार्थी हलली.

"मॅडम, आता तुम्हालाही आत घ्यावं लागणार!" दारातला हवालदार हसला.

तीही हसली, पण पेन बंद करून म्हणाली, "कोरकू बोलणारं कुणी आल्याशिवाय मी अहवाल देणार नाही."

काडीचा केवढा साधा प्रश्न, आणि मला कधी सुचला नाही! साहेबापुढे 'हो' म्हटलं की निदान मार चुकतो. 'नाही' म्हणायला समोरच्याचा भरवसा लागतो. अशाच एकाच्या होकारावर मी पाच मिनिटांत 'आरोप समजतो' असं लिहून मोकळा झालो होतो. तो तुरुंगात गेला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दोन दिवसांनी दुभाषी आला. सोमाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, सुजाताकडे सरळ पाहिलं आणि पहिल्यांदाच मान आडवी हलवली. आरोप त्याला आत्ता कुठे समजला होता.