चौकशीने मारलेली हाक

त्याला खऱ्या नावाने ताईशिवाय कुणी हाक मारत नसे. दिवसा तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी, कुणी न सांगता, एक यादी सांभाळायचा. जगात काही माणसं सॉफ्टवेअर लिहून फुकट देऊन टाकतात. ते वापरताना अडलं, तर त्या त्या सॉफ्टवेअरच्या चॅट चॅनेलवर जाऊन विचारायचं. कुठल्या चॅनेलवर माणसं आहेत आणि कुठलं ओस पडलंय, हे सगळे त्याच्या यादीत बघत. तिकडे त्याचं नावच पडलं होतं ‘चौकशी’. ताई म्हणायची, “चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला निदान पगार असतो.”

काम जिकिरीचं होतं. एकेका चॅनेलवर जाऊन ‘कोणी आहे का?’ विचारायचं आणि ठाण मांडून बसायचं, कारण पलीकडचा माणूस नोकरीधंदा उरकून, पोरांना जेवू घालून येतो. चौकशी हे नवख्यांना बजावायचा, तेही जरा तोऱ्यात. पण यादी फुगत गेली तसा त्याचाच धीर सुटला. हाक मारायची, चहा गाळून आणायचा, तोवर उत्तर नाही आलं की ‘ओस’ लिहून पुढे. कोण विचारणार होतं?

ताईची नजर अधू होत होत आता पडद्यावरचं अक्षर दिसेनासं झालं होतं. एक सॉफ्टवेअर तिला सगळं वाचून दाखवायचं. बातम्या, आणि मुख्य म्हणजे परगावच्या लेकीचे मेल. लेकीचं सुखदुःख भावाच्या तोंडून ऐकणं तिला नको असे, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. एका रविवारी दुपारी कॉम्प्युटर आपोआप अपडेट झाला आणि तो वाचणारा आवाज बंद पडला, तो काही केल्या परत येईना.

“तुझ्या यादीत बघ की,” ताई म्हणाली. “दुनियेला पत्ते सांगत असतोस.”

त्याने बघितलं. त्या वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चॅनेलपुढे त्यानेच लिहून ठेवलं होतं: ओस.

शेजारच्या एका चॅनेलवर ‘मास्तर’ नावाने वावरणारा जुना गडी होता. चौकशीने त्याला गाठून त्या ओस चॅनेलबद्दल विचारलं.

“एकटी बाई सांभाळायची ते,” मास्तरने लिहिलं. “कामावरून सुटली की यायची. तुम्ही हाक मारून गेलात, त्यावर ती ‘आहे, बोला’ म्हणाली. तुम्ही नव्हतात. दुसऱ्या दिवशीही विचारत होती, कोण आलं होतं म्हणून.”

“मग?”

“मग तुम्ही ओस लिहिलंत. लोक यायचे थांबले. तिला वाटलं, आता कुणाला गरज उरली नाही. तिने गाशा गुंडाळला. कुठे गेली, माहीत नाही.”

“मला सांगायचंत तरी.”

“तुमची यादी चुकेल असं कुणाच्या मनातच आलं नाही.”

चौकशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो त्या चॅनेलवर गेला, हाक मारली आणि बसून राहिला. चहाची वेळ टळली, खोलीतला उजेड गेला, तरी तो हलला नाही.

ताई भिंत धरत दाराशी आली. “काय रे, आहे का कोणी?”

“होती,” तो म्हणाला. “मीच थांबलो नाही.”

ताई चाचपडत त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

“लेकीचा मेल आला असेल,” ती म्हणाली. “वाच आता तूच.”