मूठ म्हणजे थांब

भिलाईचा कारखाना बांधत होते तेव्हा मी तिथे चहा विकायची. एक क्रेनवाला रोज यायचा. एकदा मी चहा ओतत होते, तर त्याने मूठच उगारली.

"कावून भाऊ, मारता का मले?"

"नाही वो बाई, मूठ म्हणजे थांब. दिवसभर वर एकटा असतो. खालचा माणूस हातानंच सांगते. बोलाची सवय गेली."

छत्रीच्या काड्या जोडून त्याने क्रेन केली होती, लांब जाळीदार दांड्यासकट हुबेहूब. एक दिवस ती माझ्यापुढे ठेवली.

"तुम्ही इशारा द्या, मी माल उचलतो."

"असे खेळ लेकरांसंगं खेळा. मले काम आहे."

काम काही नव्हतं.

क्रेन घेऊन तो दगडावर जाऊन बसला. डाव्या हाताचं बोट वर करून स्वतःच इशारा दिला आणि उजव्या हाताने दोरा गुंडाळत काडेपेटी उचलली.