नारळ आणि हलगी यांच्यामधली शिट्टी

माझ्या चुलतबहिणीची जिल्ह्याच्या कुस्ती संघातली निवड एका शिट्टीवर अडली होती. चाचणीतल्या तिच्या शेवटच्या कुस्तीत, गुणांनी मागे असताना, तिने समोरच्या मुलीला चितपट केले. पंच म्हणाले, त्या मुलीचा पाय गादीबाहेर गेल्यामुळे शिट्टी आधीच झाली होती. चितपट धरता येणार नाही. चाचणी गादीवरची असली तरी संयोजकांनी गावच्या मैदानासारखा हलगीवाला उभा केला होता. त्या कडकडाटात शिट्टी नेमकी कधी वाजली, हे कुणालाच खात्रीने सांगता येईना. व्हिडिओसह हरकत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायची होती.

व्हिडिओ रहिमतपूरच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याने मोबाइलवर घेतला होता. संगणकावर चालावा म्हणून त्याने रूपांतर करून दिलेली फाईल घेऊन काका आणि बहीण दुसऱ्या दिवशी सकाळीच कराडला माझ्या खोलीवर आले. काका लष्करातून निवृत्त झालेले. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकत असल्याने घरातली असली कामे माझ्याकडेच येत.

फाईलमध्ये शिट्टी स्पष्टपणे पाठ टेकण्याआधी वाजत होती.

"त्याची सासुरवाडी कुठली, ठावं हाय का तुला?" काकांनी विचारले. "त्या पोरीच्या गावची. फिरवलंय त्यानं."

मी हसले नाही, कारण मलाही काहीतरी खटकत होते. शेवटी, बक्षीस देताना, हलगीवाला कॅमेऱ्यासमोर उभा होता. टिपरू चामड्यावर पडण्याआधीच आवाज येत होता. मी व्हिडिओ एकेक चित्र पुढे सरकवून मोजले: आवाज जवळजवळ एक सेकंद पुढे होता.

"बघितलंस? म्या काय म्हनलं?"

मी सगळा आवाज एक सेकंद मागे ढकलला. आता कुस्तीत पाठ आधी टेकत होती आणि शिट्टी नंतर वाजत होती. काकांनी ती जागा चार वेळा बघितली. बहिणीने एकदाच बघितली. मी हरकतीच्या अर्जात ‘आवाजात फेरफार’ असे शब्दही लिहून टाकले. उत्तर मनासारखे आले की मी पडताळा घेत नाही, ही माझी जुनी खोड आहे. प्रयोगशाळेतही तिच्यावरून बोलणी खाल्ली आहेत. म्हणूनच या वेळी फाईल मी पहिल्यापासून लावली.

सुरुवातीला संयोजकांनी गादीपुढे नारळ फोडला होता. माझ्या दुरुस्त फाईलमध्ये नारळाची दोन भकले झाली, पाणी सांडले, आणि मग फुटल्याचा आवाज आला. शूटिंगवाल्याच्या फाईलमध्ये मात्र नारळ बरोबर फुटत होता. म्हणजे सुरुवातीला चूक नव्हती. ती हळूहळू वाढत शेवटी एका सेकंदावर गेली होती. लबाडी करणारा माणूस हवी ती एक जागा हलवील. चाळीस मिनिटे तिळातिळाने कशाला सरकवील?

मी शूटिंगवाल्याला फोन केला. माझा स्वर विचारपूस करणाऱ्याचा नव्हता.

"आवं ताई, मोबाइलातली मूळ फाईल तशीच हाय की. तुमच्या काकांनी मागितलीच न्हाई. आल्या आल्या माझी सासुरवाडी इचारली."

तासाभरात त्याने ती पाठवली. उलगडा साधा होता. मोबाइल दर सेकंदाला सारखीच चित्रे घेत नाही, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतो. रूपांतर करताना त्याने सगळीकडे एकच वेग धरला. चित्र किंचित संथ झाले, आवाज आपल्या गतीने पुढे गेला. मी चित्रांच्या मूळ वेळा कायम ठेवून नवे रूपांतर केले. नारळ जुळला. हलगी जुळली. मग मधली कुस्ती लावली.

शिट्टी वाजली, आणि तीन चित्रांनंतर पाठ टेकली.

काकांनी टेबलावरचा हरकतीचा अर्ज उचलला. "तू दुरुस्त केलेली ती आधीची फाईल दे," ते म्हणाले. "तिथं कोन नारळ बघत बसनार हाय?"

"मी बघितला, काका."

"तुझ्याशी त्या शूटिंगवाल्याचं काय बोलनं झालं? लय येळ बोलत हुतीस."

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. त्यांच्या संशयाला मी सकाळपासून आकडे पुरवत आले होते. आता तोच माझ्याकडे वळला होता. बोलणे कशाबद्दल झाले, ते मी सांगितले. त्यांनी ऐकले, पण पटल्याचे काही दिसले नाही.

बहिणीने माऊस माझ्या हातातून घेतला आणि शिट्टीच्या जागेवरून चित्र मागे नेले. "हलगीत मला काय ऐकूच आलं न्हवतं," ती म्हणाली. "अर्ज फाडा, दादा." वडिलांना ती दादा म्हणते. काका उठून गॅलरीत गेले.

ती अजून मागे गेली, त्या मुलीच्या पायाचा अंगठा गादीच्या पिवळ्या पट्ट्यावर येईपर्यंत.

"ताई, ही खरी फाईल मला पाठव. हितं मी तिला आत का वढली न्हाई, ते बघायचं हाय."