दोरीच्या आतली जागा

बाबांनी जन्मभर समुद्रकिनाऱ्यावर खुर्च्या भाड्याने दिल्या. पुढे वाळू वाहून जायला लागली, तेव्हा नगरपालिकेने तिथे गवत लावलं, भोवती दोरी बांधली आणि राखणीला बाबांनाच बसवलं. आई होती तोवर जिथे खुर्ची टाकून बसायची, ती जागा नेमकी दोरीच्या आत गेली.

बाबा भयंकर कडक. "एकच फोटो काढतो," म्हणत लाडीगोडी लावणाऱ्या माझ्या नवऱ्यालाही त्यांनी हाकललं. "जावईबापू, तुम्हाला सोडलं तर गावाला काय तोंड दाखवू?" रोज संध्याकाळी ते आतली वाळू दाताळ्याने सारखी करतात, म्हणजे कुणी घुसलं तर सकाळी पावलं दिसतात.

आज मी त्यांचा चहा घेऊन गेले, तर पावलं होती. डावा पाय फरफटलेला, अगदी बाबांसारखा. पावलं संपली तिथे, गवताला धक्का न लावता, खुर्चीच्या पायांचे चार खळगे होते आणि शेजारी कुणीतरी मांडी घालून बसल्याची खूण.

"लोक ऐकतच नाहीत," माझ्याकडे न बघता बाबा पुटपुटले आणि दाताळं फिरवू लागले. सगळी पावलं त्यांनी पुसली. ते चार खळगे मात्र वळसा घालून सोडले.