मेन स्विच आणि चार घरांच्या चाव्या

गावाहून काम करायला कंपनी एका अटीवर तयार झाली. सोमवारपर्यंत मी माझ्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन उभं करून दाखवायचं. म्हणजे खऱ्या संगणकाच्या पोटात एक खोटा संगणक चालवायचा आणि वेबसाइट आधी त्यात तपासायची. जमलं नाही तर पुण्याला परत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत आई एकटी राहायची. तिच्याजवळ राहायला मिळावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप होता.

लॅपटॉपची बॅटरी मेलेली. नवी बॅटरी महाडच्या दुकानात सांगून ठेवली होती, पण तोवर वीज गेली की लॅपटॉप बंद. त्यात आश्विनाचे दिवस, भात पिवळं पडलेलं आणि रोज दुपारी गडगडाट. ढग वाजले की विजेने काही जळू नये म्हणून आमच्याकडे मेन स्विच पाडतात. आई आमचा पाडून थांबायची नाही. मुंबईला गेलेल्या चार घरांच्या चाव्या तिच्याकडे असत, तिथलेही पाडून यायची.

शुक्रवारी मशीन अर्ध्यावर आलं आणि स्विच पडला. शनिवारी पुन्हा तेच. मोबाइलच्या नेटवर तासन्‌तास उतरवलेलं सगळं वाया गेलं. मी मूळचाच तापट. ती चाव्या घेऊन ओलीचिंब परत आली, तर मी उंबऱ्यातच तिला बोललो, की तू असेपर्यंत या घरात माझं काम व्हायचं नाही.

तिने पदराने चाव्या पुसून खुंटीला लावल्या. रविवारी सकाळच्या एसटीने ती ताईकडे मुंबईला निघाली.

"चाव्या खुंटीला हायेत," म्हणाली. "तुझं काम होऊ दे."

मी थांब म्हणायला हवं होतं. ओठांवर आलंही, पण डोक्यात सोमवार होता. त्याची लाज मला अजून वाटते.

त्या दुपारी ढग वाजले, स्विच कुणी पाडला नाही. मशीन उभं राहिलं, वेबसाइट उघडली, गावी राहायचं जमलं. मी उगाच चुलीपाशी जाऊन आलो. सांगायला घरात कुणी नव्हतं.

बुधवारी बॅटरी आली. ती बसवून मशीन चालू केलं तोच गडगडलं आणि आईचा फोन आला. कामाचं तिने काहीच विचारलं नाही.

"चारी घरांचं पाडलंस ना रे?"

मी हो म्हणालो, चक्क खोटं. फोन ठेवून आमचा स्विच पाडला. घर अंधारलं, पण नव्या बॅटरीमुळे लॅपटॉपवरचं मशीन चालूच राहिलं. मग खुंटीवरच्या चाव्या घेतल्या आणि भिजत चारी घरं करून आलो. अंग न पुसताच तिला फोन लावला. चुकलो म्हणालो, परत ये म्हणालो.



"नाय रे," म्हणाली, "तुझं मशीन बंद पडंल."