बोल्टवरची पिवळी रेघ

रविवार, सकाळचे दहा. वज्रेश्वरी रोडवरचं अशोक मिस्त्रीचं गॅरेज. दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी, दोन्हींची बॉनेटं उघडी.

त्या सकाळकडे येतोच. तीस वर्षं बातमीदारी केली. बातम्या छापून संपल्या, छापता न आलेल्या गोष्टी साठत गेल्या. निम्म्या तर याच गॅरेजातल्या. संपादक विचारायचे, "सोर्स कोण?" इंजिन ऑइल, असं कसं सांगणार!

*

मिस्त्री पूर्णा गावचा. त्याची पद्धत ठरलेली. जुनं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये सोडायचं, दोन बोटांत चोळायचं, हुंगायचं. नवं भरण्याआधी तेल सोडायचा खालचा बोल्ट आवळून त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची. कुणी बोल्ट फिरवला की रेघ तुटते. शेवटी किलोमीटर लिहिलेला पुठ्ठ्याचा टॅग बॉनेटखाली बांधायचा.

एकदा एक डॉक्टर म्हणाले, "गाडी मी सोडून कुणी चालवत नाही."

मिस्त्रीने बोट हुंगलं. "डॉक्टर, तेलात पेट्रोल हाय. कोनतरी गाडी तापायच्या आत बंद करतंय. शिकाऊ हात हाय."

घरी चौकशी झाली. सासूबाई गुपचूप ड्रायव्हिंग शिकत होत्या!

*

गेल्या वर्षी मी तेल आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "भिवंडी की गर्मी में गाढ़ा ही डालो, साहब."

मी गाडीचं मॅन्युअल काउंटरवर आपटलं. "कंपनीने पातळ तेल, पाच डब्ल्यू तीस लिहिलंय. तू काय कंपनीचा बाप आहेस?"

दहा मिनिटं भांडलो, डब्याचं सील तपासलं, मगच पैसे दिले. माझी मुलगी रेवा त्या गाडीने रोज एकटी वळ गावच्या गोदामात ड्युटीला जाते. गाडी बंद पडली तर ट्रेलरांच्या रांगेत तीच अडकणार.

त्याच दिवशी आमच्या बिल्डिंगमधले दळवी सरही गॅरेजात आले होते. मॉडेल तेच, रंग तोच. सोबत त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई होत्या, पुढच्या सीटवर. बाईंनी पूर्णाच्या शाळेत आयुष्यभर शिकवलं. मिस्त्री त्यांचाच विद्यार्थी. म्हणून आधी वाकून नमस्कार, मग दोन्ही गाड्यांचं तेल.

आठवड्याने बाई गेल्या. सरांनी गाडीवर कव्हर टाकलं, बॅटरी काढून घरात नेऊन ठेवली.

*

पुढच्याच महिन्यात रेवा म्हणाली, "बाबा, शेजारच्या सीटचा बेल्ट अलार्म वाजतो."

"डबा ठेवत असशील सीटवर."

"डबा मागे ठेवते हो!"

सेन्सर बदलला. फरक शून्य.

"अंजूरफाट्यापासून वाजतो," ती म्हणाली, "पूर्णाला थांबतो. कुणी उतरावं तसा."

पूर्णाला कोणाची शाळा होती, ते मी तिला सांगितलं नाही.

*

तर तो रविवार. चालली नाही तरी वर्षाने तेल बदलावंच लागतं, म्हणून सरांची गाडी टो करून आणलेली.

आधी माझी. वर्षात नऊ हजार किलोमीटर झालेले. ट्रेमध्ये तेल उतरलं ते मधासारखं.

मिस्त्रीने चोळलं, हुंगलं. "पत्रकार, हे चाललंच न्हाय."

मग सरांची. मीटर जागचा हललेला नाही. तेल उतरलं काळंकुट्ट.

"ही चाललीय. नऊ हजार तरी."

तेल सोडण्याआधी त्याने सवयीप्रमाणे टॉर्च मारून दोन्ही रेघा आम्हाला दाखवल्या होत्या. दोन्ही अखंड!

मिस्त्री टॅग वाचायला बॉनेटखाली वाकला आणि तसाच स्टुलावर बसला. गेल्या वर्षी त्याने टॅग उलटे बांधले होते. सरांचा माझ्या गाडीला, माझा सरांच्या.

"माजी चूक हाय, पत्रकार."

"अरे, पुठ्ठ्याने तेल बदलतं का?" मी ओरडलो. "कोणीतरी हात मारलाय माझ्या गाडीला! ते टॅग आधी नीट बांध."

"मी हात न्हाय लावत. बाईंनी शिकवलंय मला."

दळवी सर हळूच म्हणाले, "राहू द्या हो. ती शाळेत जातेय, तर जाऊ दे."

"सर, माझी मुलगी त्या गाडीत एकटी असते!"

"एकटी नसते. म्हणूनच सांगतोय."

मी कुणाचं ऐकणार! स्वतःच्या हाताने दोन्ही टॅग सोडले, अदलाबदल करून बांधले. दुसरी गाठ आवळली आणि सरांच्या गाडीत बेल्ट अलार्म वाजायला लागला.

सर उठले. दार उघडून त्यांनी रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला, सावकाश, पट्ट्याखाली कुणाला दुखू नये इतक्या बेताने, आणि लावला. आवाज थांबला.

त्या गाडीची बॅटरी तेव्हाही सरांच्या घरी कपाटावर होती.